पूल पाहावा कुठून, ओलांडावा कसा

सहलींचे बेत ठरू लागले की वाचकांच्या पत्रांत पुलांविषयी तेच ते प्रश्न येतात. सी लिंकवर गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं थांबलं तर चालतं का? दूधसागरच्या रेल्वेपुलावरून चालत जाता येतं का? गावाकडचा जुना लोखंडी पूल मुलांना दाखवायचा आहे, पण तो धड आहे की नाही हे कळणार कसं? झुलता पूल पायाखाली हलतो, ते बरोबर की धोक्याचं? आणि गेल्या काही पावसाळ्यांत सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न: नदी भरून वाहत असताना ती बघायला पुलावर जावं का?

घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावी अशी पुलासारखी गोष्ट दुसरी क्वचितच असेल. आजोबांकडे त्याची एखादी आठवण असते आणि मुलांना कमानी मोजायच्या असतात. तिकीटही लागत नाही. पण तिकीट नाही म्हणजे दारावर माणूसही नाही. किती जण आत गेले, किती बाहेर आले, हे मोजणारं तिथे कुणी नसतं. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता. पुलावर पाय ठेवायचा की नाही, हा निर्णय शेवटी तुमचाच असतो. तो कसा घ्यायचा, ते पुढे सांगितलं आहे.

आधी ठरवा: पुलावर जायचं की पूल पाहायचा?

घरून निघतानाच हे ठरलेलं असलं की बरेचसे घोटाळे टळतात. आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेक पूल काठावरूनच चांगले दिसतात. पुलावर उभं राहिलं की नदी दिसते, पूल दिसत नाही. त्याच्या कमानी, खांब, पाण्याशी असलेलं नातं हे सगळं बाजूने किंवा खालून पाहायचं असतं. म्हणून सहलीत एखादा पूल असेल तर नकाशावर पुलाच्या आधी त्याच्या आसपासचा घाट, किल्ला, बाग किंवा तरीचा धक्का शोधा.

ढोबळमानाने तीन प्रकार धरा:

- चालण्याचे पूल: वाहनांना बंद असलेले किंवा रुंद पदपथ असलेले.
- काठावरून पाहायचे पूल: सागरी सेतू, द्रुतगती मार्गांवरचे पूल, बंद केलेले जुने पूल.
- गाडीच्या खिडकीतून पाहायचे पूल: जवळपास सगळे रेल्वेपूल.

सी लिंक आणि अटल सेतू: थांबता येत नाही

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ पासून आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. दोन्हींवर पादचारी, दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना बंदी आहे. गाडी थांबवून उतरायलाही मनाई आहे. अटल सेतू सुरू झाला त्या पहिल्या दिवसांत अनेक कुटुंबं गाड्या उभ्या करून फोटो काढत होती आणि पोलिसांनी त्यांच्यावर दंडाची कारवाई केली. तिथे मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने मागून येणाऱ्याला तुमची उभी गाडी दिसून ब्रेक लागेपर्यंत फार थोडा अवधी मिळतो. दंडापेक्षा हे कारण मोठं आहे.

मग पाहायचं कुठून? वांद्रे-वरळी सेतूसाठी वांद्र्याच्या किल्ल्यावर संध्याकाळी जा. सेतूच्या तारा तिथून समोर दिसतात, बसायला जागा आहे आणि मुलं मोकळी फिरू शकतात. दादर चौपाटीवरचा सज्जा वयस्कर मंडळींना सोयीचा आहे, चढ नाही. अटल सेतूसाठी शिवडीचा किल्ला आणि खाडीचा परिसर. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी गेलात तर चिखलात उतरलेले रोहित पक्षीही दिसतात, त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्या.

गाडी पुलावर खरोखरच बंद पडली तर धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना रहदारीपासून दूर कठड्याच्या बाजूला घ्या आणि ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

रेल्वेपूल: रुळांवरून चालू नका

परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दूधसागरला अनेक जण कुळ्याहून किंवा कॅसलरॉकहून रूळ धरून चालत जातात, आणि कुणीतरी आधी गेलं होतं म्हणून आपणही जाऊ शकतो असं समजतात. त्या घाटात वळणं आणि बोगदे आहेत, पुलावर बाजूला व्हायला जागा नाही आणि धबधब्याच्या आवाजात गाडीचा भोंगा ऐकू येत नाही. मुलांना घेऊन तिथे चालणं कोणत्याही मोसमात योग्य नाही.

कायदेशीर मार्ग दोन आहेत. पहिला, त्या घाटातून दिवसा जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढून खिडकीतून धबधबा आणि पूल पाहणं. दुसरा, पावसाळा संपून जंगलातला रस्ता खुला झाला की कुळ्याहून जीपने पायथ्याशी जाणं. दुसरा मार्ग लहान मुलांसाठी अधिक चांगला, कारण तिथून वर पुलावरून जाणारी गाडी पूर्ण दिसते.

कोकण रेल्वेने जाणार असाल तर रत्नागिरी सोडून दक्षिणेकडे निघताच सावध राहा. रत्नागिरी आणि निवसर यांच्यामध्ये पानवल नदीवरचा पूल लागतो. त्याची उंची सुमारे ६४ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीच्या जवळपास. गाडी तो काही क्षणांत ओलांडते, म्हणून मुलांना आधीच खिडकीशी बसवा. दारात उभं राहून पाहू देऊ नका.

जुना पूल: पाय ठेवण्याआधी काय पाहाल

पूल मजबूत आहे असा निर्वाळा तुम्हाला-आम्हाला देता येत नाही, तो अभियंत्याचाच अधिकार. पण मागे फिरायला पुरतील एवढ्या खुणा कुणालाही दिसतात:

- ‘वाहतुकीस बंद’, ‘धोकादायक’ असा फलक, आडवा लावलेला अडथळा किंवा तो तोडून केलेली वाट. लोक त्या वाटेने जात असले तरी तुम्ही जाऊ नका.
- खांबाच्या तळाशी उघडा पडलेला पाया. पाण्याने खालची माती-वाळू नेली की वरून धडधाकट दिसणारा पूल आतून अधांतरी होतो.
- दगडी कमानीत रुजलेला पिंपळ किंवा वड. मुळं सांधे उकलत जातात.
- लोखंडी पुलाच्या जोडांवरचा पापुद्रे सुटलेला गंज, पडलेले रिव्हेट, गहाळ फळ्या.
- तुटलेला किंवा दोरीने बांधलेला कठडा.

यातली एकही खूण दिसली नाही म्हणजे पूल सुरक्षित, असं मात्र नाही. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, तोपर्यंत त्यावरून महामार्गाची वाहतूक चालू होती. दोन एसटी बस आणि इतर वाहनं त्या अंधारात नदीत गेली. नदीला पूर असताना रात्री जुन्या पुलावर जाऊ नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

गर्दीचं भान सगळ्यांत महत्त्वाचं. चालत पुढे जाणाऱ्या माणसांचा भार पुलावर विखुरलेला असतो. तीच माणसं फोटोसाठी किंवा काही बघायला एका बाजूच्या कठड्याशी दाटली की भार एकवटतो. गोव्यात सावर्डे-कुडचडे इथे १८ मे २०१७ ला हेच झालं. पोर्तुगीजकालीन पादचारी पूल वापरासाठी बंद होता. नदीत उडी घेतलेल्या माणसाचा शोध चालला होता, तो पाहायला लोक पुलावर जमले आणि पूल कोसळला. म्हणून साधा नियम ठेवा: पुलावर लोक चालत असतील तर चाला, थांबून दाटीवाटीने उभे असतील तर काठावरच थांबा. मध्येच अडकलात तर धावू नका. मुलांचा हात धरून जवळच्या टोकाकडे शांतपणे चालत या.

पूल हलतो तेव्हा

प्रत्येक हालचाल धोक्याची नसते. अवजड ट्रक गेला की काँक्रीटचा लांब पूल किंचित थरथरतो. तो तसाच घडवलेला असतो. पुलाच्या तुकड्यांमधले सांधे आणि त्यांच्या फटी उन्हाळ्या-हिवाळ्यात पुलाला पसरायला-आकसायला जागा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवतात. घाबरलेल्या मुलाला हे कारण सांगितलंत तर भीती बरीच ओसरते. झुलता पूल तर डोलणारच.

काळजी करायची ती डोलणं वाढत जात असेल तेव्हा. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला झाला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. हजारो माणसं चालताना पूल थोडा डुलला, तोल सावरायला सगळ्यांची पावलं आपोआप एका लयीत पडू लागली आणि त्या लयीने तो आणखी डुलला. हादरे शोषून घेणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. अगदी नव्या, नामांकित अभियंत्यांच्या पुलाचं हे झालं. म्हणून झुलत्या पुलावर मुलांना एकसाथ उड्या मारू देऊ नका, कुणी मुद्दाम हेलकावे देत असेल तर स्पष्ट शब्दांत थांबवा. लहान पुलावर घरच्यांनी दोन-दोन करून, मध्ये अंतर ठेवून जावं.

साकव: जपून आणि विचारून

कोकणात भटकताना भेटणारा साकव हा आमच्या मते सगळ्या पुलांत जिव्हाळ्याचा. व्हाळावर किंवा पऱ्यावर टाकलेली माडाची नाहीतर पोफळीची खोडं, वर फळ्या, एका बाजूला बांबूचा आधार. आता बरेच साकव लोखंडाचे किंवा काँक्रीटचे झाले आहेत, पण अजूनही वाडीची शाळेची, दळणाची, दवाखान्याची वाट त्यावरूनच जाते. तो पर्यटकांसाठी बांधलेला नाही, हे आधी मनात धरायला हवं.

पावसाचे पहिले काही दिवस गेले की लाकडावर शेवाळ धरतं आणि दिसायला कोरडी वाटणारी फळीही निसरडी असते. म्हणून:

- वाडीतल्या कुणाला तरी विचारा. कोणती फळी सैल आहे आणि पाणी किती वाढतं, हे त्यांना ठाऊक असतं. ‘आज नको’ म्हणाले तर वाद घालू नका.
- एका वेळी एकच माणूस. लहान मूल असेल तर मोठ्याने पुढे तोंड करून, आडवं न चालता, मुलाला समोर ठेवून जावं. मुलाला खांद्यावर बसवू नये, तोल वर जातो.
- चपला काढू नका. तळ घट्ट असलेली पादत्राणं हवीत. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पाण्यात पडलात तर ती झटकन काढता यायला हवी.
- समोरून डोक्यावर भारा घेऊन कुणी येत असेल तर आधी त्यांना येऊ द्या.
- साकवाला झोपाळा करू नका. सैल झालेला आधार तुम्ही गेल्यावर वाडीलाच बांधावा लागतो.

पावसाळ्यात

नदीकाठच्या लोकांना पुराचा अंदाज पुलावरूनच येतो. सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी मोजतात: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या पुरात ती ५७ फुटांवर गेली होती. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्याचे आकडे ३९ आणि ४३. त्या भागात जाणार असाल तर सकाळी हे आकडे आणि वरच्या धरणातून सोडलेला विसर्ग बातम्यांत पाहा. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटात पडलेला पाऊस काही तासांनी खाली येतो.

फरशी पूल किंवा कॉजवेवर पाणी चढलं असेल तर ओलांडू नका, मग एसटी मागे उभी असो की मोटारसायकलवाले पुढे जात असोत. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय सुटू शकतात, ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. गढूळ पाण्याखाली रस्ता उरला आहे की वाहून गेला, हे वरून दिसतही नाही. पुण्यातला भिडे पूल खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडतो आणि बंद केला जातो, तो पाहायला त्याच्या तोंडाशी जाण्यापेक्षा वरच्या उंच पुलाच्या पदपथावरून पाहा.

मुलं, आजी-आजोबा आणि फोन

पदपथ कितीही रुंद असला तरी मूल कठड्याच्या बाजूला नको आणि रहदारीच्या बाजूलाही नको, दोन मोठ्यांच्या मध्ये हवं. आडव्या दांड्यांचा कठडा मुलांना शिडीसारखा वाटतो. फोटोसाठी त्यांना कठड्यावर बसवू नका. आजी-आजोबांबरोबर असाल तर पूल पूर्ण ओलांडण्याचा आग्रह सोडा, मध्यावरून परतलात तरी पुरे. उंचीची भीती वाटणाऱ्याला चिडवू नका, त्याच्याबरोबर काठावर एक जण थांबा. ड्रोन नेणार असाल तर ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते ते आधी पाहा. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

तुमचे हक्क

पुलावरचा पदपथ चालणाऱ्याचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं आहे. पदपथावर दुचाकी चढत असतील, फरशा उखडल्या असतील, कठडा तुटला असेल तर तक्रार करताना हा आधार जरूर लिहा.

तक्रार योग्य जागी गेली पाहिजे, आणि बहुतेकांची अडचण इथेच होते. शहरातला पूल साधारणपणे महापालिकेचा, जिल्हा आणि राज्य मार्गावरचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, गावरस्त्यावरचा जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा, स्टेशनातला पादचारी पूल रेल्वेचा. रेल्वेसाठी १३९, राज्याच्या विभागांसाठी ‘आपले सरकार’ पोर्टल. कुणाचा ते कळत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्या, फोटो आणि तारीख जोडा, पोच घ्या.

पुलाची तपासणी झाली आहे का, हे जाणून घेण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमकं मागा: शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची तारीख, त्या अहवालाची प्रत, पुलाला ठरवलेली भारमर्यादा, त्यानंतर झालेल्या दुरुस्तीचा तपशील. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा.

सहल कंपनीबरोबर जात असाल तर कार्यक्रमपत्रिकेतले पूल सध्या खुले आहेत का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. ऋषीकेशचा लक्ष्मण झूला २०१९ मध्ये धोकादायक ठरवला गेला, हे चारधामच्या तयारीत बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. गर्दीच्या पुलावर जायला नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कबूल केलेली गोष्ट दाखवली नाही आणि पर्यायही दिला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर दाद मागता येते.

सुरुवात कुठून कराल

पुण्यात मुठेवरचा शिवाजी पूल घ्या. १९२३ सालचा हा दगडी कमानींचा पूल जुने पुणेकर अजून ‘नवा पूल’ म्हणतात. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर तिथे उभं राहून त्यांना १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराविषयी विचारा. तिथून पुढे बंडगार्डनजवळ १८६९ चा फिट्झगेराल्ड पूल, टोकांना दगडी सिंह असलेला. तो निवांत पाहायला रविवारची सकाळ बरी.

पणजीत मांडवीवरचे पूल पाहायला पणजी-बेती तर पकडा. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि पाण्याच्या पातळीवरून सगळे पूल एकामागे एक दिसतात. त्यातला उंच पूल, त्याचंही नाव अटल सेतू, २०१९ चा. पहिला पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला होता, त्याच्या जागी नंतर दुसरा बांधला. पणजीहून रायबंदरकडे जाणारा पोन्ते दि लिन्यारिस हा १६३४ चा सेतू तर जवळपास तीन किलोमीटरचा. त्यावर रहदारी आहे आणि रस्ता अरुंद आहे, म्हणून मुलांसह तो पूर्ण चालू नका. पहाटे पणजीच्या टोकाकडून थोडं अंतर जाऊन परता, बाजूच्या मिठागरांत पक्षी असतात.

रामेश्वरला जाणार असाल तर नव्या पांबन रेल्वेपुलाचा मधला ७२.५ मीटरचा तुकडा जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. एप्रिल २०२५ पासून तो सुरू आहे. शेजारच्या रस्तापुलावर भर रहदारीत गाड्या थांबवून लोक उतरतात, तसं करू नका. गाडी पूल संपल्यावर उभी करून काठाने मागे या. मेघालयात जिवंत मुळांचे पूल पाहायचे असतील तर आधी गुडघ्यांचा विचार करा. नोंग्रियातच्या दुमजली पुलासाठी टिर्ना गावातून तीन हजारांच्या वर पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. आई-वडील बरोबर असतील तर मावलिनाँगजवळ रिवाईचा पूल निवडा, तो थोड्या पायऱ्यांवर आहे. तिथेही मुळांवर थांबून फोटो काढू नका, पलीकडे जाऊन काढा.